पट्टे सोडून बसावे

कडक हिवाळ्यात हिउमा बेटावर जायला
समुद्रावरूनच रस्ता निघतो.
दोन्ही कडांना रोवलेल्या स्प्रूसच्या फांद्या,
आणि सुरुवातीला पाटी: पट्टे सोडून बसावे.
वेग पंचवीसच्या आत, नाहीतर चाळीसच्या वर.
मधला चालत नाही. मधल्या वेगाने
बर्फाखालचं पाणी जागं होतं
आणि गाडीबरोबर धावू लागतं.

मी नऊ वर्षांची, मागच्या सीटवर.
बाबा आरशातून म्हणाले, हेल्वे, पट्टा.
मी काढला.
मग फांद्या संपेचनात, मला भीती वाटली,
आणि तो मी हळूच परत लावला.
टक्.
रेडिओ चालू होता. त्यांना ऐकू गेलं नाही.

पुढचं मी सांगत नाही.
पुढचं बेटावर सगळ्यांना पाठ आहे:
मार्चचा बर्फ, वरून घट्ट, आतून भिजल्या साखरेसारखा;
वेल्यो बाहेर आला होता,
आणि पुन्हा आत गेला.
पोरगी अडकली होती म्हणे.
अडकली होती.

तालिनमध्ये, बंद पडलेल्या बूट-कारखान्याच्या तिसऱ्या मजल्यावर
काल्यू मास्तरांनी मला चांदी शिकवली.
मूस, टाकणखार, डाख.
जंतरपट्टीच्या एकेका भोकातून ओढलेली तार,
दर भोकाला बारीक, दर भोकाला लांब.
चांदी मार खाऊन कडक होते, ते म्हणाले,
आणखी मारलीस तर तडकेल. तापव तिला.
तापली की मार विसरते.
मी विचारलं, आणि माणूस?
मास्तर चिमटा शोधत राहिले.
चिमटा त्यांच्या हातातच होता.

सहा वर्षं मी अंगठी केली नाही, कानातलं केलं नाही.
फक्त बकलं.
चांदीत ओतलेली, शिंपल्यात कोरलेली,
एक जुनिपरच्या लाकडाचं, हातात धरलं की
मासे धुरावणाऱ्या खोलीचा वास येणारं.
एकही उघडत नव्हतं.
प्रदर्शनात एका बाईने विचारलं, हे घालायचं कसं?
घालायचं नाहीच, मी म्हटलं.
वर्तमानपत्रात त्याला धाडस म्हणाले.
धाडस कसलं.
मला स्प्रिंग जमत नव्हती.

पितळेची पट्टी, नखाएवढी.
कमी तापवली तर मोडते, जास्त तापवली तर लोळागोळा.
सतरा वाया गेल्या.
अठरावी बसवली तेव्हा खाली रस्त्यावर
बर्फ उपसणारी गाडी फिरत होती.
लाल मिन्याचं बटण दाबलं.
उघडण्याचा आवाज वेगळाच असतो.
इतक्या वर्षांत मी तो ऐकलाच नव्हता.

तो ब्रोच घेऊन बोटीने आईकडे गेले.
हल्ली बर्फ तेवढा धरत नाही, रस्ता निघत नाही.
आई बटाटे सोलत होती. मी उभ्या उभ्याच सांगितलं:
तो पट्टा मी परत लावला होता.
सुरी थांबली नाही.
एक बटाटा झाला, दुसरा झाला.
मग ती म्हणाली,
लावायला मीच शिकवलं होतं तुला.
टक् ऐकल्याशिवाय
मी त्याला गाडी सुरू करू द्यायची नाही.

पातेलं उतू गेलं. कोणी उठलं नाही.

तिने ओले हात ॲप्रनला पुसले,
ब्रोच उचलला, अंगठ्याने बटण दाबलं.
लावला. दाबलं. लावला.
जशी एखादी बाई दुकानात कुलूप पारखून घेते.
चांदीवर बटाट्याचं पीठ राहिलं.

सकाळी ती दूध आणायला निघाली,
करड्या स्वेटरवर तो टाचून.
सुईने लोकरीत दोन भोकं पाडली होती,
ती म्हणाली, धुतल्यावर बुजतील, नाही बुजली तर राहू देत.
तिने तो उलटा लावला होता.
मी काही बोलले नाही.